आकाशी अंड्यांची अवलाद

खालची वाडी, पावस
ता. ४ जुलै १९३२

तुम्हांस तुळसाचा नमस्कार. इकडे माणसं सगळी धड आहेत, कोंबड्यांचं मात्र काही खरं नाही. तुमच्या कार्डात पहिली चौकशी कोंबड्यांचीच आहे, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

कार्डावरचं अक्षर भागोजी भावोजींचं. म्हणजे हे पत्रही तेच वाचून दाखवणार आणि मुंबईच्या खोलीतले बाकीचे गाववाले विड्या ओढत ऐकणार. भावोजी, तुम्हालाही नमस्कार. तुमच्या पोरीचा, विमलाचा ताप उतरला, काल तिने पेजेबरोबर लोणचं मागून खाल्लं, काळजी करू नका. माझं अक्षर कुठे लागलं नाही तर आपल्या मनचं वाचू नका, तेवढं वाक्य सोडून द्या.

तर तुम्ही लिहिता, तुमच्या बोटीवरच्या मोठ्या साहेबाला आकाशी अंडी देणारी असल जोडी हवी, नर आणि मादी, गणपतीनंतर आगबोटी सुरू झाल्या की पाठवून दे. वाचून आधी हसू आलं, मग राग आला. असल जोडी मी आणू कुठून? तुम्ही तीन वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडच्या त्या बंदरातून (नाव तुम्ही सांगितलंत, माझ्या तोंडात ते बसलं नाही) टोपलीत घालून एक कोंबडा आणि दोन कोंबड्या आणल्यात. कोंबड्याला शेपूट नाही, गालांवर दाढीसारखी पिसं, तुरा म्हणावा तर डोक्यावर चिकटलेल्या तीन बारक्या रांगा. त्यांचं आकाशी अंडं बघायला वाडी लोटली होती. शेजारची सोनूबाई ते हातात घेईना, म्हणाली हे सापाचं असेल. तुम्ही ते कौतुक बघायला थांबलात कुठे? आठवडासुद्धा न काढता निघालात. मग पहिल्याच पावसाळ्यात एक कोंबडी मुंगसाने नेली. गेल्या साली कोंबड्यांवर मर आली, तिने तुमचा कोंबडाही नेला आणि इथल्या गावठी कोंबड्यांपासून झालेल्या त्याच्या हिरवट अंडी देणाऱ्या लेकीही सगळ्या नेल्या. उरलेली विलायती म्हातारी दिवसभर राखेत बसून असते. अंडं घालायचं तिने कधीच सोडून दिलंय.

आता त्या कोंबड्याचे दोन मुलगे काय ते राहिलेत. दोघे एकाच खुडूक कोंबडीखाली उबवलेले. एक बापासारखा बिनशेपटीचा आणि दाढीवाला. तुरा तेवढा गावठीसारखा उंच. दुसरा तांबडा, लांब शेपटीचा, गालावर काही नाही, हजार कोंबड्यांत उभा केला तर ओळखू येणार नाही. यातला असल कोणता? कोंबडा काही अंडं घालत नाही. त्याच्यात कुठला रंग आहे ते त्याच्या लेकी अंड्यावर आल्याशिवाय कळायचं नाही. तुम्ही मागे लिहिलं होतंत की दाढी आणि शेपूट बघून ठेव, दुसरे खाऊन टाका. म्हणून दाढीवाल्याला आमच्या खुराड्याचा राजा केलाय. तांबडा त्याच्या भीतीने कुंपणावरून सोनूबाईच्या अंगणात उड्या मारतो.

कार्डातली दुसरी गोष्ट आपल्या राहीच्या फोटोची. समोरून काढलेला पाठव म्हणता. तुम्ही तिला एकदाच पाहिलीत, ती तेव्हा बोबडं बोलायची. दिवा जवळ नेऊन तिचे डोळे पाहिलेत आणि आईंना विचारलंत, "ही कोणावर गेली?" मी चुलीपाशी होते. मला ऐकू आलं होतं. तर सांगते, डोळे अजून घारेच आहेत, वयाने काळे झालेले नाहीत. फोटो कशाला हवा ते तुम्हाला माहीत आणि मला माहीत. पावसाळ्यात भाट्याच्या खाडीवरची तरीची होडी बंद असते, रत्नागिरीला जाता येत नाही. नंतर बघू.

तुळसा

खालची वाडी, पावस
ता. ९ ऑगस्ट १९३२

तुम्हांस नमस्कार. दुसरं कार्ड मिळालं. त्यात फोटोचं आधी आणि कोंबड्यांचं नंतर, एवढाच काय तो फरक. ख्यालीखुशालीची ओळ या वेळीही विसरलात.

लावणी आटोपली. श्रावण लागायच्या आधी बांधावरच्या राखणदाराला कोंबड्याची राखण देऊन झाली, आणि तिथेच घोळ झाला. यंदा आईंनी नवस बोललेला होता. माझा बाळा घरी येऊन राहू दे, घरचा पोसलेला कोंबडा देईन, विकतचा नको. मी म्हटलं, घरचे नर दोनच आहेत आणि दोघांवर तुमच्या मुलाचा डोळा आहे. आई म्हणाल्या, "देवाला काय तेच्या सायबाला इचारून देऊ?" त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही हे तुम्हाला सांगायला नको.

रामा गुरव आला. मी शहाणपणाने दाढीवाल्याला डालग्याखाली झाकून ठेवला होता. तर रामानेच डालगं उचललं, त्याला उलटापालटा करून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, "वैनी, देवाला अंगानं पुरा कोंबडा लागतो. ह्याला शेपूट नाय, वर दाढी. राखणदार म्हणेल, माझी मस्करी करताव काय?" मला बरंच वाटलं. देव नको म्हणतो तो आपल्याला राहिला, साहेबाचीही सोय झाली. तांबडा कोपऱ्यात दाणे टिपत होता. शेपूट कमानदार, नखं शाबूत, रंग तर हळदीकुंकवासारखा. रामाने त्याला काखेत मारला. बांधावर गाऱ्हाणं झालं. "व्हय महाराजा" म्हणताना राहीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तिला वाटतं, मोठ्याने म्हटलं तर देव लवकर ऐकतो आणि बाबा लवकर येतात.

तर सांगायचं एवढंच की दाढीवाला आहे. त्याची पिल्लं वैशाखात निघालेली आहेत, माद्या भरपूर, बहुतेकींच्या गालावर दाढी फुटतेय. तुम्हाला हवं होतं तसंच सगळं झालंय. तरी मला धीर नाही. एवढी वर्षं दाणा टाकायचा, मुंगसाशी भांडायचं, आणि शेवटी हाती काय लागणार ते कुणीच सांगू शकत नाही. हा कसला धंदा माझ्या गळ्यात बांधून गेलात?

फोटोचं आईंना मी सांगितलेलं नाही. कार्ड वाचून दाखवताना ती ओळ गाळते. तुम्ही विचारलंत त्या वेळी त्या काही बोलल्या नव्हत्या आणि आजपर्यंत बोललेल्या नाहीत. त्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि विचारायची छातीही नाही. रोज राहीची वेणी त्याच घालतात. पण वेणी तर त्या शेजारच्या पोरींचीही घालतात.

तुळसा

खालची वाडी, पावस
ता. २२ जानेवारी १९३३

कार्ड मिळालं. नमस्कार पुढे कुठे जमला तर करीन.

"बाटगी अवलाद माझ्या घरात नको." असं कोंबड्यांबद्दल वाक्य आहे. आणि त्याला लागून, मध्ये श्वाससुद्धा न घेता, "पाडव्याच्या आत फोटो आला नाही तर पोरीला तिच्या मामाकडे पोचव, तिथेच राहू दे." भागोजी भावोजी, हे तुम्ही लिहून घेतलंत. लिहिताना हात थांबला होता का? तुम्हालाही विमला आहे.

मी कोंबड्यांचंच लिहिते. घाबरू नका, पुढे वाचा.

दाढीवाल्याच्या लेकी अंड्यावर आल्या. एकेकीचा थाट बघण्यासारखा. दाढ्या आहेत, निम्म्या बिनशेपटीच्या आहेत, चालतात तर अशा की बंदरावर मडमा उतरल्या. मी खुराड्यात हात घालताना डोळे मिटून घ्यायची. पहिलं अंडं पांढुरकं. म्हटलं, असेल एखादं. दुसरीचं तसंच. तिसरीचं बदामी. एकूण एक कोंबडीने बाजारात मिळतं तसलंच अंडं घातलं. आकाशी नाही, हिरवट नाही, औषधालासुद्धा नाही. चेहरा सगळा तिकडचा आणि पोटात काही नाही. मी दाण्याचं सूप अंगणात फेकून दिलं आणि पायरीवर बसून रडले. हसाल तर हसा.

चार दिवस गेले नाहीत तोच सोनूबाई करवंटीत काहीतरी झाकून आली. हिरवंगार अंडं, कैरीच्या सालीसारखं.

"तुळशे, ह्ये बघ. माज्या कोंबडीन घातलान. करणी केलंस काय गो माज्या घरावर?"

"करणी कसली? आमचा तांबडा तुमच्या वईकुंपणावरून उड्या मारीत व्हता, तीच करणी."

"तांबडा? तो तर आपल्या गावठीवानी दिसायचा."

"दिसायचा," मी म्हटलं. आणि करवंटी हातात घेतली.

तिच्या अंगणात तांबड्याच्या पाच-सहा लेकी आहेत. दिसायला अगदी साध्या. त्यांतल्या निम्म्या अशी अंडी घालतायत. म्हणजे सगळा रंग त्या तांबड्यात होता, आणि त्याच्या अंगावर त्याची एक खूणही नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली म्हणतात, ते मी घरच्या अंगणात करून दाखवलं. तेही स्वतःच्या अकलेने नाही, दाढी आणि शेपूट बघून ठेव या तुमच्या हुकमाने. मग मी बसून डोकं लढवलं. तांबड्याचा तुरा आठवला, बापासारखाच बसका होता, कुणी लक्ष दिलं नव्हतं. सोनूबाईच्या अंगणात जाऊन पाहिलं तर हिरवी अंडी देणाऱ्या बहुतेक बसक्या तुऱ्याच्या. म्हटलं, सापडला नियम! तर परवा बसक्या तुऱ्याच्या एकीनेही पांढरं अंडं घातलं. घ्या. नियम सापडला म्हणेपर्यंत मोडला. मी हात टेकले.

आणि एक विचारू? त्या बंदरातल्या तुमच्या कोंबड्या तरी असल कशावरून? तुम्ही त्यांचे आजे-पणजे पाहिले होतेत? एकाच बापाचे दोन मुलगे, एकाच कोंबडीखाली उबवलेले, एकाने चेहरा घेतला आणि दुसऱ्याने रंग. कुणाचं कुठून काय येतं आणि किती पिढ्या झाकून राहतं हे अंगणातल्या कोंबडीबद्दल मला सांगता येत नाही, तर तुम्हाला मुंबईत बसून एका पोरीबद्दल कसं कळतं? तुमच्या आजोबांच्या आजोबांचे डोळे कसे होते? माझ्या आईच्या आजीचे? तेव्हा फोटो नव्हते. कुणाला आठवत नाही.

महिने मोजायचे तर मोजा. काशी सुईणीने मोजले होते, वाडीतल्या बायकांनी बोटांवर मोजले होते, सगळे बरोबर आले. जुळत नाहीत ते डोळे. त्याचा खुलासा माझ्यापाशी नाही, आणि असता तरी मी दिला नसता. चूक केलेली बाई खुलासे देते. मी सहा वर्षं या घराची भाकरी थापते आहे.

आता नमस्कार.

तुळसा

खालची वाडी, पावस
ता. १८ मार्च १९३३

तुम्हांस नमस्कार. शिमगा झाला. पालखी आपल्या अंगणात आली होती, आईंनी ओटी भरली. तुम्ही आला नाहीत हे लोकांनी विचारायचंही आता सोडलंय.

मी रत्नागिरीला जाऊन आले.

जाणार नव्हते. पण पाडवा जवळ आला, माझ्या भावाचा निरोप आला की तुमचं त्यालाही पत्र गेलंय, पोरीला तुझ्याकडे घेऊन जा म्हणून. तो बिचारा काय म्हणणार? त्याच्या घरात आधीच खाणारी तोंडं पुष्कळ. पोरगी तिथे मोलकरीण होईल, आणि लग्नाच्या वेळी बाप कोण हा प्रश्न पुन्हा येईल तो येईलच.  आईंना सांगितलं की राहीचा कान दुखतोय, दवाखान्यात नेते. तिला लाल परकर नेसवला, केसांना खोबरेल लावून बसवले, पहाटे निघालो. भाट्याच्या तरीत ती पाण्यात हात घालून बसली होती. मी दोनदा ओरडले, परकर भिजेल म्हणून. तिने एकदाही विचारलं नाही की कान कुणाचा दुखतोय.

फोटोवाला भला माणूस. पडद्यासमोर तिला खुर्चीवर बसवलं, मान धरून सरळ केली. काचेतून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, डोळे फार उजळ आहेत. फोटोत पांढरे येतील, आंधळ्यासारखे दिसतील." मी तिचा परकर सारखा केला. तो म्हणाला, "काळजी नको. काचेवर पेन्सिलीने काळे करून देतो. लग्नाच्या मुलींचे पुष्कळ करतो. कुणाला कळत नाही."

मी खरं तेच लिहिते. मला आनंद झाला. पेन्सिलीचा एक हात फिरला असता आणि सगळं मिटलं असतं. तुम्ही फोटो खोलीत सगळ्यांना दाखवला असतात, भागोजी भावोजी म्हणाले असते, अगदी तुझ्यासारखी दिसते रे बाळा. पाडव्याला घरी आला असतात. पुढचं पुढे. मी त्याला म्हणाले सुद्धा, करा काळे.

मग राहीने विचारलं, "आये, काय काळं करतायत?"

"काही नाही गो. फोटो छान यावा म्हणून."

"डोळे? माझे डोळे घाण हायत?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती भ्यायली नव्हती, रडत नव्हती. नाक पुसायला सांगितलं की पुसावं तसं तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले, दोन्ही, नीट चोळून. आणि परत समोर बघून बसली.

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी तिला खुर्चीवरून उचलली आणि बाहेर आणली. फोटोवाला मागून हाका मारत होता. एवढी मोठी घोडी झालीय, कडेवर मावत नाही, तरी होडीपर्यंत खाली ठेवली नाही. लोक बघत होते. बघू देत.

तेव्हा फोटो येणार नाही. काळ्या डोळ्यांचा नाही आणि घाऱ्या डोळ्यांचाही नाही. तुम्हाला संताप येईल तो येऊ दे. माझा इतकी वर्षं येतोय आणि जायला त्याला जागा नाही. मी कोंबड्यांवर ओरडते, पोरीवर ओरडते, तव्यावर भाकरी करपते. तुमच्यावर ओरडायचं तर मध्ये समुद्र आहे आणि भागोजी भावोजी आहेत. इतकी चीड येते की कधी वाटतं, खुराडं मोडून सगळ्या कोंबड्या रानात सोडाव्यात, दाढीवाल्यासकट. मग संध्याकाळ होते आणि मीच दाणा घेऊन "या, या" करते.

साहेबाला सांगा, असल जोडी मिळत नाही.

तुळसा

खालची वाडी, पावस
ता. २० मार्च १९३३

परवाचं पत्र अजून घरातच आहे. हे दुसरं त्याच पाकिटात घालते. का, ते वाचून कळेल.

परवा पत्र लिहून झालं आणि मी विहिरीवर गेले. परत आले तर राही आईंच्या पुढ्यात बसलेली आणि त्यांना विचारत होती, "आजी, डोळे कशानं काळे होतात?" पुढचं मागचं सगळं आईंनी तिच्याकडून काढून घेतलं होतं. होडी, खुर्ची, पेन्सिल, सगळं. कान दुखण्याचा माझा बनाव तिथेच उघडा पडला.

आई मला म्हणाल्या, "तुझी सगळी कार्डं काढ. पयल्यापासून वाच. नि एक ओळ गाळलीस तर माझ्याशी गाठ हाय."

मी वाचली. गाळलेल्या सगळ्या ओळी वाचल्या. बाटगी म्हणालात तेही वाचलं, मामाकडे पोचव तेही वाचलं.  मला वाटलं, आज इतक्या वर्षांनी यांच्या तोंडून निकाल बाहेर पडणार, आणि तो माझ्या विरुद्ध गेला तर मी रात्रीच पोरीला घेऊन निघेन. कुठे जाईन ते ठरलेलं नव्हतं. आई उठल्या, परड्यात गेल्या, शेणी रचत बसल्या. जेवल्या नाहीत. काल दिवसभर परड्यातच होत्या. राहीची वेणी मात्र घातली, रोजच्याहून घट्ट. पोर ओरडली.

आज सकाळी म्हणाल्या, "कागद घे. मी सांगतंय तसं लिव. तुझं शहाणपण मध्ये घालू नको."

इथून पुढे त्यांचं आहे. मी फक्त हात चालवते.

"बाळा, ही तुझी आयस बोलतेय. भागोजी, तू मोठ्यानं वाच. खोलीत कोण कोण असतील त्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे. कोण भायेर गेला असेल तर तेला हाक मार नि मग वाच.

तू मला इचारलंस, पोर कोणावर गेली. मी तवा गप ऱ्हायले. तू दमून आलायस, दर्यावरचं डोकं हाय, उद्या निवेल, असं मला वाटलं. तुझं डोकं निवलं नाय. माझं गप ऱ्हाणं तू होकार समजलास काय? मग आता बोलते.

मी सात बाळंतपणं केली. तुझ्याशिवाय कोण जगला नाय. त्या सातांत दोन तोंडं सारखी नव्हती. तुझ्या पाठचा झिपऱ्या केसांचा होता, तसले केस आमच्यात कोणाचे नायत. तो सा महिन्यांचा होऊन गेला. तेला मी केसांसकट पुरला, कोणाचा म्हणून इचारलं नाय.

तू झालास तवा तुझा बापूस पट्टेमारी गलबतावर मलबारात होता. तारवं दोन सालं परत आली नायत. लोकं बोलली. लोकं बोलतातच. सोनूबाईची सासू मला पाणवठ्यावर म्हणाली, घोव नाय नि पाळणा हालतोय. मी घागर तिच्या पायावर टाकली. पण घरात येऊन रडले, कारण मला पण भ्या वाटत होतं, तो येईल नि काय म्हणेल.

तो आला तवा तू चालत होतास. तुझा रंग बघितलास काय कधी आरशात? तुझा बापूस गोरा, मी गोरी, नि तू तव्याच्या बुडासारखा. दाढीवाला माणूस बघून तू घाबरलास नि माझ्या लुगड्याच्या मागं लपलास. मी भिंतीला टेकून उभी.  तेनं वळकटी खाली ठेवलान. तुला वढून भायेर काढलान, उचललान, तोंडाकडं बघितलान. दिवा नाय आणलान. कोणावर गेला म्हणून नाय इचारलान. तुला म्हणाला, 'जेवलास काय रे?'

तू मान हलवलीस, नाय म्हणून. मग तो तुला मांडीवर घेऊन जेवायला बसला. तेवढ्यानं तू तेचा झालास. गावात परत कोणाची बोलायची छाती झाली नाय.

माझी नात मामाकडं जाणार नाय. हे घर तुझ्या बापसाचं हाय, ती ह्या घरात ऱ्हाणार, नि तिचं लगीन ह्याच अंगणात व्हणार. तू आलास तर तुझ्या हातनं, नायतर माझ्या. तुला यायचं असेल तर आता ये, बोटी चालू हायत. दारात उभं ऱ्हावून पोरीला तेवढंच इचार, तुझ्या बापसानं तुला इचारलान ते. तेवढं जमत नसेल तर येऊ नको."